‘हँड’ : हात, मजूर आणि माणूस

इंग्रजी वाक्प्रचारांच्या आपल्याकडील पुस्तकांत ‘हँड’खाली अर्थांची यादी असते : हात, घड्याळाचा काटा, हस्ताक्षर, पत्त्यांचा डाव, मजूर. यादी चुकीची नाही. माझा आक्षेप आहे तो हे अर्थ सुटेसुटे मांडण्याला.

मुळात ‘हँड’ म्हणजे ‘हात’ हे समीकरणच सैल आहे. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत. इंग्रजीचा ‘हँड’ मनगटाशी संपतो, त्यावरचा तो ‘आर्म’. समानार्थी म्हणून दिलेले शब्दही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘पाम’ तळवा, ‘फिस्ट’ मूठ, आणि ‘पॉ’ हा जनावराचा पंजा. माणसाला लावला की थट्टा किंवा तुच्छता. ‘हँड’ हा धरणारा आणि करणारा अवयव. ‘आउट ऑफ हँड’ धरण्यातून आला, ‘लेंड अ हँड’ करण्यातून.

मजूर हा अर्थही करण्यातलाच. जहाजावर ‘डेकहँड’, शेतावर ‘फार्महँड’, गिरणीत ‘मिलहँड’. येथे अवयव उरतो, माणूस गळतो. कामगार नुसते हात, फार तर हात आणि पोट एवढेच असते, तर काहींना ते अधिक आवडले असते, असा टोमणा डिकन्सने ‘हार्ड टाइम्स’मध्ये (१८५४) मारला आहे. आणि ‘मॅनेजर’ हा शब्दही हाताचाच. लॅटिन ‘मानुस’ म्हणजे हात (आपल्या ‘माणूस’शी त्याचे नाते नाही). त्यावरून इटालियनमध्ये घोडा हाताळणे, शिकवणे या अर्थाचे क्रियापद झाले. त्यातून इंग्रजी ‘मॅनेज’. एक हात राबणारा, दुसरा लगाम धरणारा.

मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी उभारलेल्या गिरणी कामगारांच्या संघटनेचे इंग्रजी नाव ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ असेच होते. लोखंडे यांच्या प्रमुख मागण्यांपैकी एक आठवड्याच्या सुटीची. १८९० साली रविवारची सुटी मान्य झाली. नाव मालकांच्या भाषेतले होते, पण मागणी हातांची नव्हती. सुटी माणसालाच लागते.

मराठीतही ‘कामाला हात कमी पडले’ असे आपण म्हणतो. पण एका मजुराला ‘एक हात’ म्हणत नाही. ‘हँड टु माउथ’साठी दिला जाणारा ‘हातावर पोट असणे’ हा प्रयोगही ‘ज्याचे’ किंवा ‘त्याचे’ म्हटल्याशिवाय पुरा होत नाही. म्हणून वाक्प्रचारांच्या पुस्तकाने अर्थापुढे आणखी एक गोष्ट नोंदवावी : हा शब्द कोणी, कोणाला लावला.