पडद्याने मांगाला काय दिले?

१९९५च्या सुमारास 'शोनेन जंप' या मांगा म्हणजेच जपानी चित्रकथांच्या साप्ताहिकाचा खप ६५ लाखांवर पोहोचला होता. २०१७मध्ये तो २० लाखांच्याही खाली घसरला. मधल्या काळात, सप्टेंबर २०१४मध्ये, शुएइशा या त्याच्याच प्रकाशनसंस्थेने 'शोनेन जंप प्लस' हे डिजिटल व्यासपीठ सुरू केले आणि तिथल्या मालिका आज छापील साप्ताहिकातल्या मालिकांच्या तोडीने गाजतात. या स्थित्यंतराची चर्चा सहसा कागद आणि पडदा यांच्यातल्या फरकाभोवती फिरते. माझ्या मते डिजिटल मालिकांनी मांगाचे पान फारसे बदललेले नाही. त्यांनी बदलली ती कथेची लांबी आणि तिचे वेळापत्रक. कलेच्या दृष्टीने हाच बदल अधिक मोलाचा आहे.

छापील साप्ताहिकात चित्रकाराला दर आठवड्याला सुमारे १९ पाने द्यावी लागतात. तेवढ्या जागेत प्रसंग उभा करायचा आणि शेवटच्या चौकटीत पुढच्या अंकाची ओढ लावायची, या शिस्तीने मांगाला विलक्षण वेग दिला. पण रेंगाळण्याची सवड हिरावून घेतली. चित्रकार तात्सुकी फुजिमोतोने ही शिस्त आणि डिजिटल व्यासपीठावरची मोकळीक दोन्ही अनुभवल्या आहेत. त्याची 'फायर पंच' २०१६मध्ये जंप प्लसवर सुरू झाली आणि 'चेनसॉ मॅन'चा पहिला भाग साप्ताहिकात छापला गेला. पुढे जुलै २०२१मध्ये 'लुक बॅक' ही १४०हून अधिक पानांची कथा जंप प्लसवर एकसंध प्रसिद्ध झाली. तिच्यात मेजावर वाकून चित्रे काढणारी मुलगी पाठमोरी पुन्हा पुन्हा दिसते; ऋतू बदलतात, ती मात्र जागची हलत नाही. या शब्दहीन पुनरावृत्तीतून कष्टांची वर्षे वाचकाच्या अंगावर येतात. आठवड्याच्या तुकड्यांत हा परिणाम विरून गेला असता. तात्सुया एंदोची 'स्पाय एक्स फॅमिली' ही मालिकाही तिथेच मार्च २०१९पासून पाक्षिक क्रमाने येऊ लागली. तिच्यातले घरगुती विनोद आणि चेहऱ्यांवरचे बारीक भाव पाहिले की उसंत मिळालेल्या हाताचे काम ओळखू येते.

यावर पहिला आक्षेप असा, की ही कागदाचीच कला पडद्यावर आणून ठेवली आहे आणि खरी डिजिटल चित्रकथा म्हणजे कोरियातून आलेली, वरून खाली सरकत जाणारी वेबटून. उभ्या पट्टीचे सामर्थ्य खरे आहे. पडणे, लांबचे अंतर, लांबलेली प्रतीक्षा तिच्यात सहज उतरते. फोनवर मांगाचे जोडपान आक्रसते, हेही मान्य करायला हवे. पण लहानमोठ्या चौकटी एकाच वेळी नजरेसमोर ठेवून त्यांच्यात ताण निर्माण करणे हे पानाचे बळ आहे आणि ते उभ्या पट्टीला साधत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: प्रत्येक प्रकरणाखाली झळकणारी वाचनसंख्या आणि प्रतिक्रिया चित्रकाराला लोकानुनयाकडे ढकलतात. मात्र कागदी साप्ताहिकही निर्दयच होते. वाचकांच्या मतपत्रिकांत मागे पडलेली मालिका तिथे काही महिन्यांत गुंडाळली जाई. संख्येचा जाच जुनाच आहे. आता तो तात्काळ आणि सर्वांच्या देखत होतो, म्हणून संपादकाने चित्रकाराच्या पाठीशी उभे राहण्याची गरज वाढली आहे.

खरे नुकसान वेगळेच आहे. एका मालिकेसाठी अंक विकत घेणारा वाचक शेजारच्या अनोळखी मालिकाही चाळत असे. ॲपवर तो थेट आपल्या आवडीच्या कथेपाशी जातो. जंप प्लसने मालिकेची सर्व प्रकरणे पहिल्या वाचनाला मोफत ठेवून नव्या चित्रकारांकडे जाणारी वाट रुंद केली, हे स्वागतार्ह आहे. पण नुसत्या मोफतपणाने अभिरुची घडत नाही. त्यासाठी अपरिचित, संथ, अवघड कथा आग्रहाने पुढे ठेवणारा संपादक लागतो. लांबीची आणि वेळेची मोकळीक ही डिजिटल मांगाची खरी कमाई आहे, आणि ती पहिल्या आठवड्याच्या वाचनसंख्येपायी गमावली, तर पडद्यावर उरेल ते केवळ स्वस्तात पोहोचवलेले जुने साप्ताहिक.