तापातला वात आणि तापावाचूनचा

परभाषेतली एक दीर्घकथा मी आयुष्यात दोनदा वाचली. महाविद्यालयात असताना प्रथम वाचली तेव्हा ती मला एका अपुऱ्या राहिलेल्या प्रेमाची करुण कहाणी वाटली होती. दुसऱ्यांदा वाचली ती २०२० सालच्या दिवाळीनंतर. कथा तीच होती. मधल्या काळात आमच्या घरात काही घडून गेले होते.

‘पेल हॉर्स, पेल रायडर’ हे त्या कथेचे नाव. अमेरिकन लेखिका कॅथरिन ॲन पोर्टर यांच्या त्याच नावाच्या पुस्तकात ती १९३९ साली प्रसिद्ध झाली. १९१८ साली एन्फ्लुएन्झाची जागतिक साथ आली (आपल्याकडे जुनी माणसे तिला ‘मानमोडी’ म्हणत) तेव्हा पोर्टर डेन्व्हर शहरात एका वृत्तपत्राच्या कचेरीत काम करीत होत्या. त्यांनाही तो ताप आला आणि त्या मरता मरता वाचल्या. तो अनुभव कथेत उतरवायला त्यांना वीस वर्षे लागली.

कथेची नायिका मिरांडा चोवीस वर्षांची आहे. वृत्तपत्रात नाटकांची परीक्षणे लिहून पोट भरते. ॲडम नावाचा, तिच्याच वयाचा एक सैनिक थोड्या दिवसांच्या मुक्कामापुरता तिच्या आयुष्यात आला आहे. महायुद्ध चालू आहे, रस्त्यांतून प्रेतयात्रा जात आहेत. अशातच मिरांडा आजारी पडते. इस्पितळात खाट नाही. म्हणून ॲडम तिच्या खोलीत बसून तिची शुश्रूषा करतो. पुढे खाट मिळते, ताप चढत जातो आणि तिला वात होतो.

या वाताचे चित्रण हा कथेचा गाभा आहे, आणि रसिकांनी थोडे थांबून पाहावे असा आहे. मिरांडावर उपचार करणारे डॉक्टर हिल्डेशाईम हे नावावरून जर्मन. वातात तिला ते शत्रूच्या शिरस्त्राणात दिसतात. त्यांच्या संगिनीच्या टोकावर अर्भक आहे, दुसऱ्या हातात विषाचे भांडे आहे, आणि दोन्ही ते विहिरीत टाकतात. ती किंचाळते, की हा हेर आहे, याला मारा! पहिल्या वाचनात हे मला निव्वळ कल्पनेचे भरारलेपण वाटले होते. दुसऱ्या वाचनात ध्यानात आले, की लेखिकेने याची पेरणी आधीच करून ठेवली आहे. कचेरीतली माणसे गप्पा मारताना एक अफवा सांगतात, की रोगाचे जंतू एका जर्मन जहाजाने बोस्टनच्या बंदरात आणून सोडले. म्हणजे मिरांडाच्या भ्रमात तिचे स्वतःचे असे थोडेच आहे. शहाणी माणसे दिवसा जे बोलत होती, तेच तिच्या तापलेल्या मेंदूत रात्री उभे राहिले.

हे मला कळले ते माझ्या भाच्यामुळे. तो वीस वर्षांचा, पुण्यात अभियांत्रिकीला होता. मार्च २०२० मध्ये वसतिगृह बंद झाले आणि तो साताऱ्याला घरी आला. ताईचे घर आमच्या पुढच्याच आळीत. पहिले काही आठवडे तो फक्त गप्प होता. मग रात्ररात्र जागू लागला. मे महिन्यात त्याने मोबाईल फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरला. साथीसाठी काढलेले सरकारी ॲप आपले विचार वाचते, असे तो सांगे. बावीस मार्चला देशभर थाळ्या वाजल्या, त्या आपल्याला इशारा देण्यासाठीच, अशी त्याची खात्री झाली होती. जूनमध्ये त्याने वडिलांच्या हातचा काढा घेणे सोडले; त्यात विष आहे म्हणे. त्या दिवसांत घरोघर काढा उकळत होता. पोर्टरच्या कथेतले विषाचे भांडे आमच्या स्वयंपाकघरातच होते. मला ते ओळखता आले नाही.

आम्ही काय केले? आम्ही कारण शोधीत बसलो. एखाद्या मुलीचे प्रकरण आहे का, परीक्षा रखडल्याचा धसका आहे का, कोणी मित्र तुटला का? शेजारणीने दृष्ट काढून दिली. मी, वाङ्मयाचा अभ्यासक म्हणवणारा, सर्वांत पुढे होतो. रोज संध्याकाळी त्याच्याशी वाद घालून त्याचा भ्रम खोडून काढीत होतो.

या कारण शोधण्याच्या खोडीचा थोडा दोष मी आपल्या करमणुकीला देतो. आपल्या नाटक-सिनेमांतून वेड लागते ते बहुधा प्रेमभंगाने, नाही तर डोक्यावर घाव बसल्याने. आणि बरे होते ते जुने गाणे ऐकून, नाही तर दुसऱ्या घावाने. अशा कथांना वेड म्हणजे कथानकातली एक गाठ वाटते. ती सुटली की माणूस शहाणा. याला सन्माननीय अपवाद आहेत. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा २००४ सालचा ‘देवराई’ हा चित्रपट त्यांपैकी एक. त्यातला शेष स्किझोफ्रेनियाने आजारी आहे. त्याच्या आजाराला तेथे सोपे कारण नाही आणि सोपा उतारही नाही. बहिणीची ओढाताण आहे, डॉक्टर आहेत, औषध आहे. हा चित्रपट मी पाहिला होता, वाखाणलाही होता. तरी घरात प्रसंग आल्यावर आठवण झाली ती दुसऱ्या घावाचीच!

सप्टेंबरात एकदाचे मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, की याला सायकोसिस म्हणतात. मिसरूड फुटल्यापासून तिशीपर्यंतच्या वयात तो पुष्कळदा प्रथम डोके वर काढतो. जागरण, एकांत, भीती, आनुवंशिकता, कोणाच्या बाबतीत नशा, कोणाच्या बाबतीत खुद्द साथीचा रोग, असे अनेक धागे त्यात असतात. एकच धागा ओढून उपयोग नाही. उपचार जितका लवकर, तितका गुण येण्याचा संभव अधिक. ताईने बोटांवर महिने मोजले. चार भरले.

पुढे जुने वाचन चाळताना मला कळले, की पोर्टर तापातून उठत होत्या त्याच सुमारास बोस्टनच्या मनोरुग्णालयात कार्ल मेनिंजर नावाचा पंचविशीतला डॉक्टर एन्फ्लुएन्झानंतर बुद्धिभ्रंश झालेल्या रुग्णांची नोंद करीत होता. शंभराच्या आसपास रुग्णांचा हा अभ्यास त्याने १९१९ साली प्रसिद्ध केला. त्यांतला सर्वांत मोठा गट, आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात तशी लक्षणे असलेल्यांचा होता. त्या काळी हा रोग म्हणजे उतरणीची वाट, असेच समजत. काही वर्षांनी त्याने त्या गटाचा पुन्हा शोध घेतला आणि १९२६ साली लिहिले, की भेटलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश पूर्ण बरे झाले आहेत. तापानंतरच्या त्या रुग्णांचा हिशेब सर्वांना लागू करता येणार नाही, हे मी जाणतो. पण त्या हिवाळ्यात ताईला तो आकडा मी दोनदा वाचून दाखवला.

आता पोर्टर यांच्या कथेचा मला जाणवलेला उणेपणाही सांगितला पाहिजे. मिरांडाचा ताप उतरतो तो युद्धसमाप्तीच्या घंटा वाजत असताना. आणि शुद्धीवर आल्यावर कळते, की ॲडम त्याच साथीने छावणीत मरण पावला. त्यानंतर जगणे तिला परके, रंगहीन वाटते. कलेच्या दृष्टीने हा शेवट निर्दोष आहे. पण लेखिकेला एक सवलत मिळाली आहे: ताप थर्मामीटरवर दिसतो. वातात बडबडणाऱ्या मिरांडाला कोणी कृतघ्न म्हणत नाही. ताप उतरला की भ्रमही उतरतो. ज्याचे अंग गार आहे आणि तरीही जो बापाच्या हातातल्या पेल्यात विष पाहतो, त्याच्या वाट्याला ही सवलत येत नाही. त्याला आपण हट्टी म्हणतो, नाटकी म्हणतो. त्याचे परत येणेही एका सकाळी घंटा वाजून होत नाही. औषधाने भाचा आधी झोपू लागला, मग जेवू लागला, मग कितीतरी महिन्यांनी हसला. मध्ये एकदा गोळ्या सोडल्या आणि पुन्हा घसरला. असे सावकाश परतणे लिहायला अवघड, कारण त्यात नाट्य नाही. आपल्या लेखकांनी ते लिहावे, असे मला मनापासून वाटते.

भाचा आज नोकरी करतो. हा लेख लिहिण्याआधी मी त्याला विचारले. “नाव घालू नका मामा, पण लिहा,” तो म्हणाला. मग मी त्याला मिरांडाची सगळी कथा सांगितली. ॲडमच्या मरणाशी तो हळहळेल, असे मला वाटले होते. तो थोडा वेळ विचार करीत बसला.

“तिच्या उशाशी बसून कोणी तिच्याशी वाद नाही ना घातला?” त्याने विचारले.

“नाही,” मी म्हटले.

“तुम्ही रोज घालत होता,” तो म्हणाला. आणि ताईने पुढे केलेल्या ताटातली करंजी उचलून त्याने अर्धी माझ्या हातावर ठेवली.