दोन सेनापतींच्या तसबिरी

जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुणे दरबारी असताना काढलेली महादजी शिंद्यांची तसबीर छापील प्रतिकृतीच्या रूपाने आमच्या बहुतेक वाचकांच्या नजरेखालून गेली असेल. कळंबसारख्या गावी बसून मूळ तैलचित्राचे दर्शन घडावे कसे? आमचाही परिचय प्रतिकृतीपुरताच असल्याने वेल्सच्या रंगलेपनाविषयी अधिकारवाणीने बोलण्याचे धाडस आम्ही करीत नाही. मात्र एक प्रश्न प्रतिकृतीवरूनही विचारता येतो. लढवय्याची तसबीर काढणाराने काय पाहावे? लढाईने त्याला जे दिले ते, की त्याच्यापासून जे हिरावून घेतले ते?

वेल्स १७९१ साली मुंबईस उतरला आणि इंग्रज वकील मॅलेट याच्या आश्रयाने पुण्यास पोचला. १७९२ साली महादजीही उत्तरेतून आले, ते पेशव्यांसाठी बादशहाकडून वकील-इ-मुतलकीची वस्त्रे घेऊन. मानमरातबास आता काही उणे राहिले नव्हते. पण हा पुरुष एका पायाने लंगडा होता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावरून निघताना पाठलाग करणाऱ्या अफगाण स्वाराने त्यांचा पाय जायबंदी केला, आणि राणेखान नावाच्या भिस्त्याने बैलावर घालून त्यांचा जीव वाचविला. या राणेखानास महादजींनी पुढे भाऊ मानले. वेल्सच्या तसबिरीत मातबर सरदार आहे; पानिपत नाही. याचा सारा दोष चित्रकाराच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. काम दरबारी होते, आणि मराठी बैठकीची रीतच अशी की मांडी घालून बसलेल्या पुरुषाचे व्यंग कोणास दिसू नये.

येथे युक्रेनातील चुगुयेव गावी १८४४ साली जन्मलेल्या इल्या रेपिनची आठवण होते, कारण त्याच्याही वाट्यास एक लंगडा सेनापती आला होता. जनरल द्रागोमिरोव याने १८७७ च्या तुर्की युद्धात डॅन्यूब नदी ओलांडून सेंट जॉर्जचा सन्मान मिळविला, आणि थोड्याच आठवड्यांत शिपका खिंडीत त्याच्या गुडघ्यास गोळी लागली. (टॉल्स्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’तील लढायांची लष्करी दृष्टीने झडती घेणारा टीकाकार तो हाच. युद्धाचे कोणतेही चित्र हा गृहस्थ सहजासहजी मान्य करणारा नव्हता!) रेपिनने १८८९ साली त्याची तसबीर काढली. ती सरकारी इतमामाची आहे. पदकांनी जणू चेहऱ्यास हुकूम देऊन जागच्या जागी उभे केले आहे. हात सराईत आहे, यापलीकडे तिची स्तुती आमच्याने करवत नाही.

परंतु त्याच सुमारास रेपिनच्या घोड्यावर दुसरा एक भव्य पट चढलेला होता. तुर्की सुलतानास शिवराळ उत्तर लिहिणाऱ्या झापोरोझियन कोसॅकांचे ते चित्र १८८० पासून १८९१ पर्यंत चालले. त्यातील तोंडात चिलीम धरून लेखनिकावर ओणवलेल्या सिर्को सरदारासाठी रेपिनने समोर बसविला तो हाच द्रागोमिरोव! मुद्रा तीच, पण वर्दी गेली, पदके गेली, आणि त्यांबरोबर चेहऱ्यावरचा बंदोबस्तही उठला. डोळ्यांत मिस्किलपणा आहे, आणि मृत्यू जवळून पाहिलेल्या माणसाची बेफिकिरीही आहे. आमच्या मते द्रागोमिरोवची खरी तसबीर हीच, जरी तिच्याखाली नाव दुसऱ्याचे आहे.

वेल्सला अशी दुसरी संधी मिळाली नाही. वास्तविक महादजींनी ती स्वतःच पुढे केली होती. पुण्यास आल्यावर पेशव्यांच्या भेटीत ते इतर मानकऱ्यांच्या खाली बसले, बगलेतले गाठोडे सोडून नवे जोडे काढले, आणि धन्याचे जोडे सांभाळणे हाच आपल्या वडिलांचा व आपला धंदा, असे म्हणून ते पेशव्यांपुढे ठेवले. ही नम्रता की मुत्सद्देगिरी, याविषयी इतिहासकारांनी काय वाटेल ते म्हणावे. चित्रकारास दोन्ही सारखीच मोलाची. लंगडत आलेला तो पाटील, सुटलेले गाठोडे आणि संकोचलेला तरुण पेशवा! या प्रसंगाची तसबीर अद्याप आमच्या पाहण्यात आलेली नाही.