बागेला कुंपण कुणी घातलं?

देब्युसीनं १९१५ साली फ्लूट, व्हायोला आणि हार्प यांच्यासाठी सोनाटा लिहिला. आज आपण याच तीन वाद्यांसाठीची सोफिया गुबायदुलिना यांची १९८० सालची रचना ऐकणार आहोत. तिचं नाव ‘आनंदांची आणि दुःखांची बाग’.

हार्पकडून आपली अपेक्षा गोड झंकाराची. इथे मात्र तारांत कागदाची पट्टी अडकवतात, तार लावायची किल्ली तारेवर टेकवून स्वर वाकवतात. मिंडेची सवय असलेल्या आपल्या कानांना यात परकं काहीच वाटत नाही. पण हार्पवर एकदा छेडलेला स्वर सहसा जागचा हलत नाही, म्हणून तिथे हे धाडस आहे.

आता आनंद कुठे आणि दुःख कुठे? एकीकडे हार्मोनिक्सचे उजळ, शिटीसारखे स्वर. दुसरीकडे आखडलेली अंतरं. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्जाला खेटलेला कोमल रिषभ, कोमल गंधार. हे दोन पक्ष पाळीपाळीनं येत नाहीत, एकमेकांत मुरतात. तत्त्वज्ञानाच्या वर्गात सुख आणि दुःख ही विरुद्ध पदं म्हणून शिकवणाऱ्या आम्हा लोकांना ही रचना जरा अडचणीत आणते, आणि ते बरंच आहे.

शेवटी फ्रान्सिस्को टान्झर यांचा जर्मन मजकूर वाचायची मुभा आहे, सक्ती नाही. खरा शेवट कुठला असतो, असं तो विचारतो आणि सीमा माणसांनीच आखलेल्या असतात, असं सुचवतो. वाचावा का? आमच्या मते नको. सीमा कृत्रिम आहेत असं सांगणारे शब्द शेवटी आले, की तेच कुंपण होऊन बसतात. विरत जाणारे स्वर तोच प्रश्न उघडा ठेवतात.

याला दुसरी बाजूही आहे. १९७९ साली सोव्हिएत संगीतकार संघाचे प्रमुख तिखोन ख्रेन्निकोव यांनी सात संगीतकारांवर नावानिशी जाहीर टीका केली. त्यांत गुबायदुलिना होत्या. अशा देशात राहून सीमेविषयी बोलणं ही चैन नव्हती. म्हणून मजकूर गाळावा, पण तो का जोडला गेला हे विसरू नये.

तेव्हा घरी ही रचना दोन्ही प्रकारे ऐका. आमचं मत पटलं नाही, तर पुढल्या वेळी जरूर भांडू.