खुनाच्या सावलीतील अनुनय

मराठीत ऐतिहासिक कादंबरी म्हटली की हरिभाऊ आपट्यांपासून चालत आलेले गड, तलवारी आणि स्वामिनिष्ठा डोळ्यांसमोर येतात; रहस्यकथा म्हटली की बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड. या दोन वाटा आपल्याकडे क्वचितच एकमेकींना मिळाल्या. इंग्रजीत मात्र ऐतिहासिक प्रेमकथेत खुनाचे रहस्य गुंफणारा एक स्वतंत्र प्रकार रुजला आणि आजही तो भरभरून लिहिला-वाचला जातो. त्याचे बलस्थान आणि त्याची उणीव ही दोन्ही एकाच पुस्तकात पाहायची असतील, तर जॉर्जेट हेयर या लेखिकेची 1936 साली प्रसिद्ध झालेली ‘द टॅलिस्मन रिंग’ ही कादंबरी हाती घ्यावी.

हेयरबाईंचा (1902–1974) लेखनप्रवास घरगुती जिव्हाळ्यातून सुरू झाला. आजारी भावाचे मन रमावे म्हणून रचलेली कथा 1921 मध्ये त्यांची पहिली कादंबरी म्हणून छापली गेली. पुढे त्यांनी ऐतिहासिक प्रेमकथांबरोबर आधुनिक काळातील बारा रहस्यकथाही लिहिल्या. त्यांपैकी अनेकांच्या कथानकाची जुळवाजुळव त्यांच्या बॅरिस्टर पतीने करून दिली होती. प्रेमकथा आणि गुन्हेकथा या दोन्ही दालनांत सराईतपणे वावरणाऱ्या या बाईंनी दोन्हींची गाठ घातली, हे स्वाभाविकच म्हणायचे.

काळ 1793 चा, स्थळ इंग्लंडचा ससेक्स परगणा. मृत्युशय्येवरील वृद्ध लॉर्ड लॅव्हनम आपली अर्धी फ्रेंच नात युस्टासी हिचे लग्न सर ट्रिस्ट्रम शील्ड या नातलगाशी ठरवतात. गृहस्थ सज्जन, पण कल्पनेला पंख म्हणून नाहीत. आपण गिलोटिनकडे नेल्या जात आहोत अशी दिवास्वप्ने रंगवणाऱ्या मुलीला असा वर कसा रुचावा? ती रात्री घरातून पळते आणि चोरटा माल वाहणाऱ्या टोळीच्या हाती लागते. टोळीचा म्होरक्या निघतो तिचाच परागंदा मामेभाऊ ल्युडोविक. (आपल्याकडे अशा नात्यात लग्नासाठी चर्चची खास परवानगी काढावी लागते, तिथल्या कायद्याला त्याचे काही वाटत नसे.) त्याच्यावर सर मॅथ्यू प्लंकेट यांच्या खुनाचा संशय आहे. जुगारात गहाण टाकलेली घराण्याची अंगठी परत करायला प्लंकेटने नकार दिला होता, आणि खुनानंतर ती अंगठीच नाहीशी झाली. अंगठी ज्याच्यापाशी, तो खुनी.

हे कथानक भूतकाळात ठेवण्यामागे केवळ रेशमी कपड्यांची आणि घोडागाड्यांची हौस नाही. लंडनचे संघटित पोलीस दल 1829 चे. त्याआधी बो स्ट्रीटचे मोजके शिपाई सोडले तर तपास असा नव्हताच. खुनासारख्या गंभीर खटल्यात आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढे भाषण करण्याचा हक्क 1836 साली मिळाला. अशा काळात निरपराध माणसाचा बचाव त्याच्या आप्तेष्टांनाच करावा लागे. म्हणूनच खाणाखुणा शोधत फिरणारी मंडळी इथे हौशी वाटत नाहीत. याचा दुसरा लाभ प्रेमकथेला होतो. ज्या समाजात अविवाहित स्त्री-पुरुषांनी दोन घटका एकांतात बोलणे अशिष्ट, तिथे जखमी आरोपीला लपवण्याचे काम त्यांना एकत्र आणते. नाचाच्या दिवाणखान्यात माणूस कळत नाही, संकटात कळतो. तो भित्रा की धीराचा, खोटे किती सफाईने बोलतो, दुसऱ्याच्या जिवासाठी स्वतःची अब्रू पणाला लावतो की नाही, हे सारे आपोआप उघड होते.

खरा अनुनय घडतो तो दुसऱ्याच जोडीत. हँडक्रॉसच्या ‘रेड लायन’ या पथिकाश्रमात मिस सारा थेन ही प्रौढ, हजरजबाबी स्त्री आपल्या भावासह उतरलेली आहे. भाऊ न्यायाधिकारी, पण चोरट्या मार्गाने आलेली उंची दारू चाखताना कायद्याचा त्याला सोयीस्कर विसर पडतो. सारा जाणूनबुजून युस्टासीच्या नाटकी स्वप्नांना साथ देते आणि ट्रिस्ट्रमच्या कपाळावरील आठ्या मोजत राहते. तो तिच्यावर चिडतो आणि चिडता चिडता हसायला शिकतो. प्रेमाचा शब्दही न उच्चारता त्यांचे प्रेम वाढत जाते. संवादलेखनाचा हा नमुना होय. त्यापुढे युस्टासी आणि ल्युडोविक ही जोडी मला तरी बाहुला-बाहुलीच वाटली.

रहस्याची बाजू मात्र लंगडी आहे. ल्युडोविक नसेल तर वारसा कोणाला, एवढे विचारले की उत्तर सापडते, आणि पात्रांनाही ते लवकरच सापडते. उरतो तो पुराव्याचा शोध. अंगठी कुठे दडवली आहे हे मी सांगत नाही. एवढेच की लेखिकेने वाचकाला फसवलेले नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. प्लंकेट मेला, याचे संपूर्ण पुस्तकात कोणालाही दुःख नाही. खुन्याने त्याला मारले ते दुसऱ्यावर आळ यावा म्हणून, आणि लेखिकेनेही त्याला वापरले ते ल्युडोविकच्या लग्नात अडथळा असावा म्हणून. तो हट्टी होता, कदाचित अप्रामाणिकही. पण माणूस होता. त्याच्या दफनाचा प्रसंग नाही, त्याच्या घरच्यांचा अश्रू नाही. विनोदी कथेकडून अशी अपेक्षा करू नये, असे कोणी म्हणेल. ते मला पटत नाही; कारण डोरोथी सेयर्स यांनी याच सुमारास, 1937 मध्ये, ‘बसमन्स हनिमून’ ही कादंबरी दिली. तीही हसरी आहे, तिच्यातही नवपरिणीत जोडप्याच्या घरात प्रेत सापडते. पोटशीर्षकातच तिने स्वतःला गुन्हेशोधाचे अडथळे असलेली प्रेमकथा म्हटले आहे. काळ मात्र लेखिकेचा स्वतःचाच. तिथे गुन्हेगार पकडल्यावर पुस्तक संपत नाही. त्याच्या फाशीच्या पहाटे, ज्याने त्याला पकडले तो लॉर्ड पीटर विम्झी पत्नीच्या मिठीत रडतो. आपल्या बुद्धिचातुर्याने एक जीव जाणार आहे हे ओझे त्याला एकट्याने पेलवत नाही, आणि तिने ते वाटून घेणे हाच त्यांच्या विवाहाचा खरा आरंभ ठरतो.

हेयरबाईंच्या पुस्तकात असे पान नाही. तरीही ट्रिस्ट्रम आणि सारा यांच्यासाठी ते वाचावे, आणि लग्नाच्या वयाची मुले असलेल्या घरात तर जरूर असावे. वाचताना क्रम तेवढा हाच ठेवावा: आधी हेयर, मग सेयर्स. उलट क्रमाने वाचणाऱ्याला प्लंकेट स्वस्थ बसू देणार नाही.