दुर्गंधी जाते की झाकली जाते?

टूथपेस्टच्या जाहिरातीतला प्रसंग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. कोणी बोलायला तोंड उघडतो, समोरचा मान फिरवतो. मग हिरवट द्रवाची एक चूळ, आणि सारे हसतमुख. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत १८७९ साली जंतुनाशक म्हणून तयार झालेले लिस्टरीन १९२० च्या दशकात 'हॅलिटोसिस' या भारदस्त शब्दाच्या आधाराने खपवले गेले. मुलीचे लग्न जमत नाही याचे कारण तिच्या तोंडाचा वास, असे त्या जाहिराती सांगत. याच द्रवाने सर्दी व घसादुखी टळते, हा दावा तेथील व्यापार आयोगाने १९७५ मध्ये फेटाळला आणि तसे जाहिरातीतूनच कबूल करण्याचा आदेश दिला. दुर्गंधीचा दावा मात्र आपला आपणच तपासायला हवा.

तोंडाला वास येतो तो बहुधा जिभेच्या मागच्या भागावरील व हिरड्यांच्या कडेच्या जिवाणूंमुळे. ऑक्सिजनविना वाढणारे हे जिवाणू अन्नकणांतील व लाळेतील प्रथिने कुजवतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन असे गंधकयुक्त वायू सुटतात. झोपेत लाळ कमी होते, म्हणून सकाळी वास अधिक.

आता पेस्ट काय करते? फेस येतो तो साबणासारख्या द्रव्याचा. फेस जास्त म्हणजे सफाई जास्त, असे नाही. 'गारवा' तर निव्वळ भास आहे. पुदिन्यातील मेंथॉल थंडी जाणणाऱ्या चेतातंतूंना चाळवते. तोंडाचे तापमान होते तेवढेच राहते. स्वच्छतेची खूण म्हणून आपण जे अनुभवतो, ते स्वच्छतेशी संबंधितच नसते! जाहिरातींवर आमचा मुख्य आक्षेप हाच.

सारेच द्रव निरुपयोगी आहेत, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जस्ताचे क्षार गंधकयुक्त वायूंना बांधून टाकतात. क्लोरहेक्सिडीन जिवाणू मारते, पण फार दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात व चव बिघडते. कॉक्रेनच्या २०१९ मधील आढाव्यात दुर्गंधीवरील उपायांच्या ४४ चाचण्या तपासल्या गेल्या. त्यांतील पुरावा कमी किंवा अत्यंत कमी खात्रीचा निघाला. बाटलीवरील '९९.९ टक्के' मात्र ठसठशीत असते. ते कोठे मोजले, काचेच्या बशीत की तोंडात, आणि किती वेळाने, हे विद्यार्थ्यांनी विचारायला शिकावे.

एक प्रयोग वर्गात सांगण्याजोगा आहे. लसूण खाऊन कितीही चुळा भरा, वास उरतोच; कारण त्यातील एक गंधकयुक्त द्रव्य रक्तातून फुप्फुसांत येते व श्वासाबरोबर बाहेर पडते. तेथे चूळ पोचणार कशी?

आपल्याकडे जीभ घासण्याची पट्टी घरोघर असते. नेमक्या जागी काम करणारी ती स्वस्त वस्तू आहे. (मशेरी मात्र दंतमंजन नव्हे, तंबाखूच.) वर्गात एखाद्या मुलाच्या तोंडाला वास येतो म्हणून त्याला शेवटच्या बाकावर ढकलले जाते, तेव्हा त्याचा दात किडलेला असू शकतो, हिरडी सुजलेली असू शकते. शिक्षकांनी ते चारचौघांत न विचारता त्याच्या पालकांच्या कानावर घालावे व दंतवैद्याकडे पाठवावे. सुगंधी चुळीने हे दुखणे फक्त काही तास लपते, आणि तेवढ्या काळात कीड खोल जाते.