कोंडाणे लेखांतील ‘अंतेवासी’

कर्जत तालुक्यांत राजमाचीच्या पायथ्याशीं असलेल्या कोंडाणे लेण्यांत, चैत्याच्या दर्शनीं भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’ असा ब्राह्मी लेख आहे. कृष्णाचा शिष्य बलक यानें केलें, हा अर्थ उघड आहे. परंतु ‘अंतेवासी’ शब्द दिसतांच बलकास बौद्ध भिक्षु ठरविणें आम्हांस घाईचें वाटतें. याज्ञवल्क्य व नारद या स्मृतींत गुरुगृहीं राहून शिल्प शिकणाराही अंतेवासीच. शिवाय कार्ले येथील दात्यांचे लेख ‘दान’ सांगतात. येथें ‘कतं’ आहे. बलकास भिक्षुसंघांत घातलें कीं, दगडांत लाकूडकाम हुबेहूब उतरविणाऱ्या एका कारागिराचें नांव आपण गमावतों. पितळखोरें येथील यक्षमूर्तीवर तर कण्हदास सोनारानें ती केल्याचें स्पष्ट कोरलें आहे.